पुट्टीची धूळ: आधी कोरडी उचला, पाणी नंतर

रंगारी शिडी घेऊन खाली उतरला की घरात कोणीतरी लगेच बादली भरतं. फरशी पुसली जाते, पाणी दुधासारखं पांढरं होतं, दुसरी बादली, मग तिसरी. संध्याकाळी फरशी वाळली की तिच्यावर खडू फिरवल्यासारखा पांढरट थर उरलेला असतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चार-पाच दिवस असं चाललं की तो थर टाइल्सच्या सांध्यांत बसतो आणि घासूनही निघत नाही. मेहनत कमी पडलेली नसते, क्रम चुकलेला असतो.

वॉल पुट्टी म्हणजे पांढरा सिमेंट, दगडाची बारीक भुकटी आणि थोडं चिकटवणारं पॉलिमर. भिंतीवर घासलेल्या पुट्टीतला बराचसा सिमेंट आधीच घट्ट झालेला असतो, पण बादलीत कालवताना सांडलेली कोरडी पूड, टाइल बसवतानाचा सिमेंट, फॉल्स सीलिंगचं पीओपी (प्लास्टर ऑफ पॅरिस) यांना पाणी लागलं की ते आवळतात. पीओपी तर काही मिनिटांतच. म्हणजे ओलं फडकं फिरवून आपण धूळ काढत नाही, तिचा गिलावा करतो. म्हणून पहिली फेरी पूर्ण कोरडी.

धूळ परत परत का येते

‘काल पुसलं, आज पुन्हा धूळ’ ही तक्रार प्रत्येक घरात होते आणि ती खरी असते. नऊ फूट उंचीच्या खोलीत, हवा अगदी स्थिर आहे असं धरलं, तर दगड-सिमेंटचा 50 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण छतापासून जमिनीवर यायला पाव मिनिट घेतो. 10 मायक्रॉनचा कण साधारण सहा मिनिटं घेतो. 2.5 मायक्रॉनला दीड तास लागतो आणि 1 मायक्रॉनच्या कणाला आठ ते दहा तास. हवा प्रत्यक्षात कधीच स्थिर नसते. पंखा लावला, दार आपटलं, माणूस चालत गेला की खाली आलेले कण पुन्हा वर जातात. सकाळी साफ करून गेलेल्या माणसाने काम नीट केलेलं असतं. तेव्हा हवेत तरंगत असलेली धूळ रात्री खाली बसते, इतकंच.

यातून दोन गोष्टी ठरतात. शेवटचं ड्रिलिंग आणि घासकाम संपल्यावर एक रात्र घर बंद ठेवायचं, पंखे आणि एसी बंद, आणि सकाळी सुरुवात करायची. शिवाय सफाई एकदा करून संपत नाही, किमान तीन फेऱ्या लागतात आणि प्रत्येक दोन फेऱ्यांमध्ये एक रात्र जाऊ द्यावी लागते. एका दिवसात ‘डीप क्लीनिंग’ उरकून त्याच संध्याकाळी सोफे-गाद्या आत आणणं ही सगळ्यात महागात पडणारी घाई आहे, कारण उरलेली धूळ मग कापडात शिरते.

फुलझाडू तर या धुळीला लावूच नये. तो खडे आणि भुसा ओढतो, बारीक पूड मात्र हवेत उडवतो. टाइल आणि काँक्रीट कापल्याच्या धुळीत स्फटिकरूप सिलिका असते. ती फुप्फुसात खोल जाऊन बसते आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तिला कर्करोगकारक ठरवलं आहे. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा निळा सर्जिकल मास्क इथे पुरत नाही. नाकावर घट्ट बसणारा एन95 हवा. साफ करायला येणाऱ्या मावशींनाही तोच द्या. त्या दिवसभर तीच हवा घेत असतात आणि त्यांना हे कोणी सांगत नाही.

कोरडी फेरी

घरचा साधा व्हॅक्यूम क्लीनर पुट्टीसाठी वापरू नका. त्याच्या कापडी फिल्टरमधून बारीक पूड मागच्या तोंडाने परत खोलीत येते. शंका असेल तर हवा बाहेर पडते त्या जागी काळं फडकं अर्धा मिनिट धरून बघा, पांढरं झालं तर उत्तर मिळालं. शिवाय पूड मोटरपर्यंत पोचते आणि मशीन जळतं. लागतो तो ‘वेट अँड ड्राय’ प्रकारचा, 15 ते 30 लिटरच्या टाकीचा, आत जाड फ्लीसची पिशवी आणि त्यामागे घडीचा किंवा हेपा (अतिबारीक कणही अडवणारा) फिल्टर असलेला. पिशवी नसेल तर फिल्टर दहा-पंधरा मिनिटांत चोंदतो, ओढ कमी होते, आणि मग तो गॅलरीत आपटून झाडला जातो. तिथून ती धूळ वाऱ्याबरोबर थेट खालच्या मजल्यावरच्यांच्या कपड्यांवर जाते.

कोणाला काम देणार असाल तर ठाण्यात आणि नवी मुंबईत सफाईवाले पुष्कळ आहेत, पण फोनवरच तीन गोष्टी विचारा: मशीनमध्ये पिशवी आणि कुठला फिल्टर आहे, सहा फुटांची शिडी आणणार का, आणि ॲसिड वापरणार का. शेवटच्या प्रश्नाला ‘हो, एकदम चकाचक होतं’ असं उत्तर आलं तर दुसरा माणूस शोधा. कारण पुढे येईलच.

मशीन मिळत नसेल तर सुताराच्या कामातून उरलेला भुसा कामाला येतो. अर्धी बादली भुसा घ्या, वरून पाणी शिंपडा. मुठीत दाबल्यावर लाडू वळला पाहिजे, पण बोटांतून थेंब पडता कामा नये. असा भुसा खोलीच्या एका टोकाला पसरा आणि जाड ब्रशने हळूहळू दाराकडे ओढत आणा. पूड भुशाला चिकटून येते, उडत नाही. सागवानाचा भुसा मात्र नको. तो रंग सोडतो आणि पांढऱ्या मार्बलवर डाग राहतात.

क्रम वरून खाली आणि आतल्या खोलीपासून मुख्य दाराकडे. वर म्हणजे खरंच वर: फॉल्स सीलिंगच्या कडेला लाइट लपवायला ठेवलेली खोबण. तिथे बोटभर थर असतो, खालून तो दिसत नाही आणि पहिल्यांदा पंखा फुल लावला की तिथूनच घरभर पाऊस पडतो. त्या लाइटचा वीजपुरवठा बंद करून, मऊ ब्रशचं तोंड लावून ती खोबण ओढून घ्या, एलईडी पट्टीला ओलं फडकं लावू नका. मग पंख्याची पाती, कपाटांचे माथे, माळा, दारांच्या चौकटींची वरची कड, खिडक्यांचे गज, स्विचबोर्ड, स्कर्टिंगची (भिंतीच्या पायाशी लावलेल्या पट्टीची) वरची कड आणि सगळ्यात शेवटी फरशी.

भिंतीसुद्धा धरा. लांब दांड्याच्या वायपरला कोरडं मायक्रोफायबर गुंडाळून वरून खाली एकेक पट्टा ओढायचा. नव्या रंगाला पुढचे तीन-चार आठवडे ओलं फडकं लावू नये, कारण इमल्शन (भिंतीचा पाण्यात कालवायचा रंग) वरून वाळलेलं दिसलं तरी आतून पक्कं व्हायला तेवढा वेळ घेतं.

काम अजून चालू असेल तर भिंतीची एक गोष्ट रंगाऱ्याकडून करून घ्या. पुट्टी पेपरने घासून झाल्यावर प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) मारण्याआधी भिंत पुसलीच पाहिजे. तळहात भिंतीवरून फिरवा. हात पांढरा झाला तर प्रायमर भिंतीला धरत नाही, पुडीला धरतो. वर्ष-दीड वर्षाने पावसाळ्यानंतर पापुद्रे सुटतात तेव्हा दोष ओलाव्याला दिला जातो, पण पुष्कळदा खाली हीच पूड असते.

मग पाणी, आणि थोडंच

दुसऱ्या दिवशी ओली फेरी. आठ-दहा मायक्रोफायबर फडकी आणि दोन बादल्या. एका बादलीत पाच लिटर पाण्याला एक चहाचा चमचा भांड्यांचा लिक्विड साबण, दुसरीत नुसतं पाणी. फडकं आधी नुसत्या पाण्यात खळबळायचं, पिळायचं, मग साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळून वापरायचं. साबण जास्त झाला तर त्याचा चिकट पापुद्रा फरशीवर राहतो आणि त्यावर पुढची धूळ जास्त बसते. नुसतं पाणी पांढरट झालं की बदला. 120 चौरस फुटांच्या खोलीला दोनदा तरी बदलावं लागतं. फडकी धुताना फॅब्रिक कंडिशनर घालू नका, धागे गुळगुळीत झाले की ती धूळ धरत नाहीत.

आता ते गढूळ पाणी. इथे सगळ्यात मोठं नुकसान होतं आणि ते कळायला महिने जातात. सिमेंटला घट्ट व्हायला हवा लागत नाही, तो पाण्याखालीही आवळतो. बादलीतलं पांढरं पाणी बाथरूमच्या नहाणी ट्रॅपमध्ये (नहाणीखालच्या वाकड्या नळीत) किंवा बेसिनमध्ये ओतलं की गाळ ट्रॅपच्या वाकाशी बसतो आणि पूल बांधल्यासारखा तिथेच घट्ट होतो. मग पाणी हळू उतरतं, केस अडकतात, वास येतो, आणि शेवटी नवी कोरी टाइल फोडून ट्रॅप बदलावा लागतो. उपाय अगदी सोपा आहे. रंगाची रिकामी 20 लिटरची बादली ठेवा, सगळं गढूळ पाणी तिच्यात ओता, रात्रभर हलवू नका. सकाळी वरचं पाणी नितळ झालेलं असतं. ते अलगद ओता. तळाचा दोन-तीन बोटं गाळ सुकू द्या आणि गोणीत भरून राडारोड्याबरोबर द्या. गवंड्यांनाही पहिल्याच दिवशी हे सांगा आणि काम चालू असताना प्रत्येक ट्रॅपच्या तोंडात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं फडकं कोंबून ठेवा.

राडारोड्याची गोणी जिन्याखाली, गटाराच्या कडेला किंवा खाडीकडच्या मोकळ्या जागेत जाता कामा नये. 2016 च्या बांधकाम-पाडकाम कचऱ्याच्या नियमांत तो वेगळा ठेवणं, त्याने रस्ता-गटार न अडवणं ही ज्याच्या घरी काम चाललंय त्याची जबाबदारी ठरवली होती. सोसायटीच्या ऑफिसात विचारून महापालिकेच्या व्यवस्थेतूनच तो पाठवा. गोण्यांची तोंडं शिवून लिफ्टमध्ये न्या. अर्धवट गुंडाळलेली गोणी प्रत्येक मजल्यावर पूड सांडत जाते.

फरशीवर जुना पांढरा थर बसलाच असेल तर आधी टाइल कुठली ते बघा. व्हिट्रिफाइड आणि सिरॅमिकवर सौम्य आम्ल चालतं: एक कप पांढरं व्हिनेगर चार-पाच लिटर पाण्यात, सांधे आधी साध्या पाण्याने भिजवून घ्यायचे, थर ओला करून पाच मिनिटं थांबायचं, नायलॉनच्या ब्रशने घासायचं आणि दोनदा साध्या पाण्याने पुसायचं. मार्बलला व्हिनेगर, लिंबू, टॉयलेट क्लीनर यातलं काहीही नाही; मार्बल म्हणजे चुनखडीच, आम्लाने त्याची चकाकी कायमची जाते. कोटा आणि कडप्प्यालाही तेच. आणि बाटलीतलं फरशीचं ॲसिड कुठेच नाही. त्याने थर निघतो हे खरं, पण सांध्यातला सिमेंट खाल्ला जातो, नळांचं क्रोम काळवंडतं, खिडक्यांच्या ॲल्युमिनियमला डाग पडतात. ब्लीचच्या संपर्कात आलं तर क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो.

काचा आणि चकचकीत शटर कोरड्या फडक्याने पुसू नका. पुडीत वाळूचे कण असतात, ते सँडपेपरसारखे ओरखडे काढतात. आधी ब्रशने झटकून ओढून घ्या, मग भरपूर ओल्या फडक्याने, न दाबता. किचनच्या ॲक्रिलिक शटरवरचा प्लॅस्टिकचा पापुद्रा तर अगदी शेवटी काढा. तो सोलताना पृष्ठभागावर स्थिर वीज तयार होते आणि आजूबाजूची धूळ सगळी तिथे धावते. ड्रॉवरच्या टेलिस्कोपिक चॅनलला (ड्रॉवर ज्यावर सरकतो त्या पट्ट्यांना) पाणी नाही, तेलही नाही. चॅनलमध्ये ग्रीस असतंच, त्यात भुसा मिसळला की खरखर सुरू होते आणि वरून तेल घातलं तर आणखी धूळ धरते. मशीनने ओढा, कोरड्या फडक्याने पुसा, पुरे.

स्लायडिंग खिडकीचा ट्रॅक

हा वेगळा सांगायला हवा, कारण आपल्याकडे पाऊस आडवा येतो. ट्रॅकच्या बाहेरच्या बाजूला खाली बोटाच्या नखाएवढी लांबट भोकं असतात, ट्रॅकमध्ये साचलेलं पाणी बाहेर जायला. कामाच्या धुळीने ती पहिली बुजतात. मार्चमध्ये काम झालं असेल तर कोणाला काही कळत नाही. जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात घोडबंदरच्या किंवा खारघरच्या बाराव्या मजल्यावर पश्चिमेचा मारा बसला की ट्रॅक भरतो आणि पाणी आतल्या बाजूने नव्या पुट्टीवर उतरतं. दोन इंची जुना रंगाचा ब्रश घ्या, ट्रॅक कोरडाच खरवडा, मशीनने ओढा, भोकात जाड तार किंवा झाडूची काडी घालून मोकळं करा. मग ट्रॅकमध्ये एक ग्लास पाणी ओता. अर्ध्या मिनिटात ते बाहेर गेलं नाही तर भोक अजून बंद आहे.

एसी

काम चालू असताना स्प्लिट एसीचं आतलं युनिट प्लॅस्टिकने सगळीकडून गुंडाळून टेप मारलेलं असलं पाहिजे आणि तो एसी त्या काळात लावायचाच नाही. ‘रंगारी गेले की तासभर लावू’ हा मोह नको. थंड कॉइलवर पाणी सुटलेलं असतं, त्यावर पुट्टी बसली की लगदा होतो आणि तो खाली ड्रेन ट्रेमध्ये जाऊन नळी बुजवतो. मग एसीतून पाणी ठिबकून नवीन रंगावर ओघळ उतरतात. उघड्या राहिलेल्या एसीला सर्व्हिसवाल्याने थेट पाण्याचा जेट मारू नये. आधी ब्रश आणि मशीनने कोरडी पूड काढायला सांगा. फिल्टर धुऊन, सावलीत वाळवून लावा आणि पहिले दोन आठवडे दर चार दिवसांनी काढून बघा. चिमणीच्या जाळ्या आणि फ्रिजच्या मागची किंवा खालची कॉइलही याच वेळी कोरड्या ब्रशने साफ होऊन जाते.

एअर प्युरिफायर घ्यायचा असेल तर तो तिसऱ्या फेरीनंतर. आधी लावला तर महागडा फिल्टर पुट्टीनेच भरतो. 120 चौरस फूट, नऊ फूट उंच खोलीत साधारण 30 घनमीटर हवा असते. तासाला पाच वेळा ती गाळली जावी असं धरलं तर तासाला 150 घनमीटर क्षमतेचं मशीन पुरतं.

जुनी घरं

वाशी-नेरुळच्या जुन्या सेक्टरांतली सिडकोची घरं, नौपाडा-पाचपाखाडीतल्या जुन्या इमारती इथे काम काढताना दोन धुळींची भीती बाळगावी. पहिली, दारं आणि ग्रिलवरचा जुना ऑइल पेंट. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण 90 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 90 भागांच्या) आत ठेवण्याचा नियम भारतात 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला, म्हणजे त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं. असा रंग कोरडा घासायचा नाही. वॉटर पेपर आणि पाणी वापरून घासा आणि ओला चोथा लगेच पुसून पिशवीत बांधा. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर त्यांनी ते काही दिवस तिथे राहूच नये. दुसरी भीती सिमेंटच्या जुन्या पन्हळी पत्र्यांची, गॅलरीवरच्या किंवा गच्चीवरच्या. त्यात ॲस्बेस्टॉस असतं. ते पत्रे फोडू नका, कापू नका, ड्रिल करू नका. पाण्याने भिजवून बोल्ट सोडवून अखंड उतरवा.

काम सुरू व्हायचं असेल तर

धूळ आवरण्याचं निम्मं काम पहिल्या सकाळी होतं. ज्या खोलीत काम नाही तिच्या दाराला जुनी चादर लावतात. चादरीतून पूड आरपार जाते. जाड प्लॅस्टिक शीट हवी, चौकटीला चारही बाजूंनी मास्किंग टेपने चिकटवलेली. येण्याजाण्याचं दार असेल तर दोन शीट एकमेकींवर फूटभर चढवून टांगा. काम चालणाऱ्या खोलीच्या खिडकीत एक एक्झॉस्ट फॅन बाहेर हवा फेकणारा ठेवला तर घरातली हवा त्या खोलीकडे ओढली जाते आणि धूळ हॉलकडे येत नाही. मात्र खिडकी वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची निवडा, आपल्याकडे दुपारनंतर वारा बहुधा पश्चिमेकडून येतो, आणि खालच्या गॅलरीत कोणाचे कपडे वाळत आहेत का तेही बघा. टाइल कापताना कटरच्या पात्यावर पाण्याची बारीक धार सोडायला लावा, धूळ खूपच कमी होते. पण तो चिखल त्याच दिवशी उचलला पाहिजे. वाळला की तीच धूळ पुन्हा तयार. देव्हारा, पुस्तकं, टीव्ही आधीच बांधून ठेवा.

तिसरी फेरी चौथ्या-पाचव्या दिवशी, हलकी. त्या रात्री दिवे मालवा आणि मोबाइलचा टॉर्च फरशीला जवळजवळ टेकवून आडवा धरा. उभ्याने न दिसणारी पूड लांब सावल्यांसह दिसते. कपाटाच्या आतल्या कोपऱ्यांतही तेच करा.

दोन आठवड्यांनंतरही धूळ येत असेल तर काळ्या फडक्याऐवजी पांढऱ्याने पुसून बघा. राखाडी-काळी आली आणि ती रस्त्याकडच्या खिडकीपाशीच जास्त असेल, तर ती पुट्टी नव्हे. घोडबंदर रोड, ठाणे-बेलापूर रोड किंवा शेजारच्या टॉवरचं काम यांची ती धूळ आहे. तिच्यासाठी खिडकीच्या शटरमधली झिजलेली ब्रश-पट्टी बदला आणि सकाळ-संध्याकाळ वाहतुकीच्या वेळी ती बाजू बंद ठेवा.